पाठमोरी सीट

‘‘आता हिचं तोंड पुढे करायला हरकत नाही,’’ दुकानातली बाई म्हणाली आणि मी ‘‘नको’’ म्हणाले. म्हणाले असं मला वाटलं, पण ओरडलेच असणार, कारण पलीकडे एक जोडपं बाळगाड्यांची उघडझाप करून बघत होतं, ते हातातली गाडी अर्धवट मिटलेली तशीच धरून माझ्याकडे बघायला लागलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मुंगीने, आमच्या लेकीनेही, पाहिलं. ती आमच्या जुन्या कारसीटमध्ये बसली होती, कोंबली होती म्हणायला हवं. गुडघे बेडकासारखे दोन बाजूंना दुमडलेले आणि डोकं सीटच्या कडेच्याही वर आलेलं. बाईने आपला तळवा त्या कडेवर आडवा धरून दाखवला, तो थेट तिच्या कपाळाला टेकला. ‘‘बघा, डोकं वर आलं. ही सीट संपली हिची.’’ संपली. साबणाची वडी संपावी तसं म्हणाली. ती सीट नवऱ्याने गाडीतून काढून काखेत मारून आत आणली होती, तेव्हा वाटभर तिच्यातून बिस्किटांचा भुगा सांडत आला होता आणि दुकानाच्या चकचकीत फरशीवर आमच्या घराची एक लांबलचक रेघ उमटली होती. गादीखालून एक वाळलेली संत्र्याची साल निघाली, हरवली म्हणून आम्ही घरभर शोधलेली क्लिप निघाली आणि एक मोजा निघाला, तोही आमचा नव्हे. ‘‘सगळ्यांच्यात निघतं हो ताई,’’ बाई म्हणाली होती, ‘‘मागे एकीच्या सीटमधून तर घराची किल्ली निघाली, ते लोक कुलूप बदलून मोकळे झाले होते.’’ मी हसले होते. ती लाज साधी होती, ओल्या फडक्याने पुसता येण्यासारखी. ‘नको’ म्हटल्यावर जी वर आली ती तशी नव्हती. कानांच्या पाळ्या गरम झाल्या आणि मला वाटलं, आता सगळ्यांना कळलं.

कोणालाच काही कळलं नव्हतं. ‘‘नको का गं?’’ नवऱ्याने विचारलं, आणि मी सांगायला लागले. अडखळले नाही, हेच वाईट. या वयात मान अजून कोवळी असते, डोकं अंगाच्या मानाने जड असतं, गाडीला समोरून धक्का बसला तर पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं डोकं झटक्याने पुढे जातं, पाठमोऱ्या सीटमध्ये तोच धक्का सगळ्या पाठीवर पसरतो, म्हणून जितके दिवस जमेल तितके दिवस उलटं बसवावं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. बाईने मान डोलावली. ‘‘अगदी खरं. थोडी उंच पाठीची घेतलीत तर अजून सहज वर्षभर उलटी बसेल. वजनात बसतेय. मी ‘हरकत नाही’ म्हटलं, ‘करा’ नाही म्हटलं. पण काय होतं, आईबापांनाच घाई असते, पाय दुमडतात, कंटाळते, रडते, काय न् काय. तुमच्यासारख्या आया असत्या ना, तर मला एवढं तोंड वाजवावं लागलं नसतं.’’ नवऱ्याच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं समाधान दिसलं, स्वतःच्या बायकोची कुणी तारीफ केली की त्याच्या नाकपुड्या जराशा फुगतात. ‘‘ही वाचत असते हो सगळं,’’ तो म्हणाला. ‘‘मला तर साधी अंगठ्याएवढी मनुकाही चार तुकडे करून द्यायला लावते.’’ ‘‘अंगठ्याएवढी मनुका कुठे मिळते?’’ बाईने विचारलं, आणि दोघं हसली. मी खाली वाकून मुंगीचे पट्टे सोडवायला लागले. बक्कल दोनदा दाबावं लागलं.

खरी गोष्ट अशी की मला तिची मान आठवलीच नव्हती. ‘तोंड पुढे’ हे दोन शब्द ऐकले आणि मला माझा चेहरा आठवला. सकाळचा, गाडीतला. घरातून पाळणाघर आणि पाळणाघरातून ऑफिस, आणि संध्याकाळी तेच उलटं, एवढाच वेळ असा असतो की माझ्या चेहऱ्यावर कोणाचा हक्क नसतो. मुंगी मागे, माझ्याकडे पाठ करून. तिला पाळणाघरात सोडून मी एकटी पुढे जाते तो रस्ता फार थोडा आहे. तेवढ्यात चेहरा उतरवून ठेवायला आणि परत घालायला जमत नाही. म्हणून तो मी घरासमोरचं वळण घेतल्या घेतल्या उतरवते. आवाज तेवढा ठेवते. आवाज माझ्या पोटापाण्याचाच आहे. कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कंपनीत तक्रारी ऐकायला बसते मी, कानावर फोन लावून. कोणाच्या यंत्रात पाणी भरून दार अडकलेलं असतं आणि आत नवऱ्याचा एकुलता एक सूट. कोणाचं यंत्र स्वयंपाकघरातून चालत चालत दारापर्यंत आलेलं असतं. लोक ओरडतात. मी म्हणते, ‘‘तुम्हाला किती त्रास झाला असेल, मी समजू शकते.’’ आमच्या लीडरबाईंनी प्रत्येकीच्या टेबलावर एक छोटा आरसा चिकटवलाय, त्याच्याखाली लिहिलंय: ‘हसू ऐकू येतं.’ सुरुवातीला मी खरंच त्या आरशात बघून हसायची, संध्याकाळपर्यंत गाल दुखायचे, घरी आल्यावर मुंगीला पापी देतानाही दुखायचे. मग हळूहळू एक गोम लक्षात आली. हसू गालात लागत नाही. टाळू थोडी वर उचलायची, वाक्याचं शेपूट खाली पडू द्यायचं नाही, की झालं. चेहरा दगडाचा असला तरी चालतो. आता नवीन मुली लागल्या की लीडरबाई त्यांना माझ्या मागे खुर्च्या टाकून बसवतात, ‘‘हिचा आवाज ऐका, कसा उजळ आहे.’’ त्या मागे बसतात, म्हणून बरं.

तर गाडीत आवाज उजळ असतो, रोजचं गाणंही त्याच आवाजात. ‘‘आई, ढगांना पोट असतं?’’ ‘‘तुला काय वाटतं गं, असेल?’’ ‘‘आई, आपण मेलो की आपले बूट कोण घालतं?’’ ‘‘हो का गं माझी राणी, कसले कसले प्रश्न!’’ ‘‘आई, तो बघ तो कुत्रा, तो मला ओळखतो. आई, सांग ना. आई. आई. आई.’’ आणि समोर, काचेकडे तोंड करून, आवाज न काढता माझे ओठ म्हणत असतात: पुरे. पुरे, पुरे, पुरे. आधी ओठ मिटतात, मग गोल होतात, मग फाकतात. मला स्वतःला ते जाणवतं, चावून थुंकल्यासारखं. आणि लगेच टाळू वर. ‘‘हो का गं माझी राणी?’’ रोज नाही. असं लिहिताना हात अडतो; जवळजवळ रोजच. मी तिच्यावर चिडते असं नाही. चिडले असते तर दोन शब्द बोलले असते, ती रडली असती, मी जवळ घेतलं असतं, जसं चार घरांत होतं तसं झालं असतं. हे चिडणं नव्हेच. ती झोपली की मी तिच्या पायांची बोटं हुंगत बसते, इतकी ती मला हवी असते. पण एखाद्या दिवशी सिग्नलला थांबल्यावर मधल्या आरशात माझीच नजर माझ्या नजरेला भिडते आणि जी बाई दिसते तिच्यात कोणी राहत नसतं. भाडेकरू सोडून गेल्यावर खोली असते ना, भिंतीवर खिळे आणि फिक्या चौकटी. मग मी तिथून नजर काढते आणि मागच्या गोल आरशात मुंगीला बघते. तो आरसा नवऱ्याने लावलाय, मागच्या सीटच्या उशाला, तिच्या तोंडासमोर. आणि पुढच्या मधल्या आरशावर आणखी एक रुंद पट्टीसारखा आरसा, म्हणजे मान न वळवता पोरगी दिसावी. रस्त्यांची मोजणी करतो तो, दृष्टीच्या रेषेवर जगणारा माणूस. एक अख्खा रविवार त्याने त्या दोन आरशांचे कोन जुळवण्यात घालवला होता. ‘‘बस पुढे. दिसते? आता? आता? नाक दिसतं का नुसतं?’’ तेव्हा ती एवढीशी होती, मुंगीच होती, पट्ट्यांत हरवून जायची. पुष्कळदा तिचे डोळे मिटलेले दिसतात. डुलकी लागली, असं मनात म्हणून मी मोकळी होते, आवाजसुद्धा उतरवते.

‘‘ही बघा, ही फिरते,’’ बाई म्हणत होती. तिने एका निळ्या सीटचा खटका दाबून एका हाताने ती गर्रकन फिरवली, एखाद्या केशकर्तनालयातली खुर्ची फिरवावी तशी. ‘‘आत्ता उलटी बसवा, पुढे वाटलं की सुलटी करा. जागा तीच. फक्त गाडीत बसतेय का बघायला हवं, पाया रुंद आहे.’’ नवऱ्याने खिशातून टेप काढला. तो साइटवरून परस्पर आला होता, बुटांना माती, कपाळावर हेल्मेटची रेघ. इथून त्याला परत जायचं होतं. तो पाया मोजत उकिडवा बसला तशी मुंगी त्याच्या पाठीवर चढली. ‘‘बाबा, मला पण मोज.’’ ‘‘तू मोजण्यापलीकडची आहेस.’’ ‘‘मग मी केवढी?’’ ‘‘परवा होतीस त्याहून मोठी. तुझी सीट तुला पुरत नाही, तुझं नावही पुरत नाही आता. मुंगी कसली, मुंगळा झालीस.’’ ती खदाखदा हसली आणि बाईला म्हणाली, ‘‘मी मुंगळा आहे.’’ मी त्या तिघांकडे बघत उभी होते आणि मला एकदम त्याचं ते मोजणीचं यंत्र आठवलं, तीन पायांचं, रस्त्याच्या कडेला लावलेलं. लग्नाआधी मी रोज एका थांब्यावर बसची वाट बघायची आणि समोरच्या कोपऱ्यावर हा त्या यंत्राला डोळा लावून वाकलेला असायचा. पुढे ओळख झाल्यावर मोठा गौप्यस्फोट केल्यासारखा म्हणाला होता, ‘‘तुला माहीत नाही, पण मी दुर्बिणीतून तुलाच बघायचो. तू एकदा पोळीसारखी चप्पल झटकत होतीस, तेही पाहिलंय.’’ मी म्हटलं होतं, ‘‘मला दिसत होतं की. तुला ज्याच्याकडे बघायचं तो काठीवाला माणूस उजवीकडे उभा आणि तुझी नळी डावीकडे, माझ्यावर. तुला काय वाटलं, एकट्या तुलाच दिसतंय?’’ किती हसलो होतो त्यावर आम्ही. कितीतरी जणांना सांगितला तो किस्सा. आणि तरी.

पण तिथवर मी अजून पोचले नव्हते. त्या वेळी मी दुकानात उभी राहून हिशोब करत होते, की उंच पाठीची घेतली तर वर्षभराची सोय झाली. सोय. हाच शब्द मनात आला, आणि पाठोपाठ आईची पाठ आली. आईची पाठ मला तोंडपाठ आहे. ती घरी शिवणकाम करायची; यंत्र भिंतीला लावलेलं, समोर खिडकी, आणि मी मागे जमिनीवर चिंध्यांत. मानेवर आडवा टाकलेला टेप, वेणीचं टोक यंत्रात जाऊ नये म्हणून पोलक्यात खोचलेलं, पाय मारताना एकच खांदा वरखाली व्हायचा. मी बडबडायची आणि ती न वळता म्हणायची, ‘‘हो गं बाई. अस्सं झालं का? मग पुढे?’’ इतका गोड आवाज, की शेजारच्या बायका म्हणायच्या, तुमचा संयम म्हणजे कमाल आहे. एका संध्याकाळी तिने दिवा लावला आणि बाहेर अंधारून आलेलं, तर खिडकीची काच एकदम आरसा झाली. मी सांगत होते काहीतरी, बाहुलीच्या झग्याचं. ‘‘अस्सं झालं का?’’ आवाज आला, आणि काचेत मला तोंड दिसलं. ते तोंड बोलल्यावर लगेच विझलं. रागीट नव्हतं, रडकं नव्हतं. तिथे कोणी नव्हतं. मी पटकन खाली बघितलं आणि चिंध्या लावायला लागले, लाल लालपाशी, निळ्या निळ्यापाशी, फार व्यवस्थित. तेव्हा मला एवढंच समजलं की ही बाई कधीतरी निघून जाणार आहे आणि तिने ते कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवसानंतर शाळेतून आले की मी आधी दाराशी तिच्या चपला आहेत का बघायची. ती कुठेही गेली नाही. अजून आहे, दर रविवारी फोन करते, अजून आवाज तसाच. मी तिला कधी काही विचारलं नाही, आणि मोठी झाल्यावर, मुंगी झाल्यावर, मला वाटायला लागलं होतं की विचारण्यासारखं त्यात नव्हतंच काही. बाई दमली होती. एवढं साधं. दमलेल्या बाईला तोंड ठेवायला एक भिंत लागते. मलाही लागते. फरक एवढाच की आईच्या समोर योगायोगाने काच आली, आणि मी तर माझ्या भिंतीसाठी लेकराच्या मानेचं कारण पुढे करत होते.

‘‘अगं बघ, बघ ही काय करतेय,’’ नवरा म्हणाला. मुंगी मांडलेल्या सीटांच्या रांगेत शिरली होती. एका सीटमध्ये ती स्वतः बसली होती, पुढे तोंड करून, आणि तिच्या मागच्या सीटमध्ये तिने आपल्या कापडी सशाला, ससोबाला, उलटा बसवून पट्टा लावला होता. दोन्ही मुठी हवेत धरून ती गाडी चालवत होती. आधी नुसतीच चालवत होती, तोंडाने घर्रर्र करत. मग ती थांबली, म्हणजे गाडी सिग्नलला थांबली असावी, आणि तिने मान जराशी वर करून जिथे आरसा असतो तिथे पाहिलं. ‘‘काय म्हणालास ससोबा? ढगांना पोट?’’ तिने विचारलं. आणि मग तिचे ओठ मिटले, गोल झाले, फाकले. आवाज नाही. पुन्हा मिटले, गोल झाले, फाकले. भुवया गोळा झालेल्या, नाकाच्या मुळाशी एक आठी, तिला नसलेली, माझी. तीनदा. आणि मग उजळ, वाक्याचं शेपूट खाली न पडू देता: ‘‘हो का गं माझी राणी?’’ बाईने कौतुकाने हात जोडले. ‘‘अगंबाई, ससोबा काय राणी असतो होय?’’ ‘‘हे तोंड कसलं केलंस गं?’’ नवरा विचारत होता. ‘‘मासा झालीस का? मुंगीचा मुंगळा, मुंगळ्याचा मासा?’’ त्यानेही ओठ तसे करून दाखवले, बुळुक बुळुक. पलीकडचं जोडपंही हसलं. मी शेजारच्या सीटची पाठ धरली, तिच्यावर अजून प्लास्टिक होतं, ते माझ्या हाताखाली चुरचुरलं. हसू मला ऐकू येत होतं, सगळ्यांचं. असं वाटलं की भर दुकानात कोणी माझी ओढणी ओढली. नाही, ते सुद्धा सोसवलं असतं. माझ्या पोरीच्या अंगावर माझे मळके कपडे घातले होते, मापाचे करून, आणि ते तिला अगदी बरोबर बसत होते.

कुठे पाहिलं हिने? घरी मी असं करत नाही. घरी समोर कोणी ना कोणी असतंच. माझं डोकं त्या गाडीत शिरून इकडे तिकडे चाचपत होतं. दाराची काच? ती बाजूला, तिच्यात मी दिसणार नाही. मग ती हवेतली मान आठवली, जराशी वर, आणि दोन आरशांतली ती रेष आठवली जिच्यावर नवऱ्याने अख्खा रविवार घालवला होता. तिच्या समोरचा गोल आरसा, त्यातून पुढचा रुंद आरसा, त्यातून मी. ज्या वाटेने मी तिला बघत होते त्याच वाटेने ती मला बघत होती. तुला काय वाटलं, एकट्या तुलाच दिसतंय? मीच म्हटलं होतं. दृष्टीच्या रेषेवर जगणारा नवरा आणि दिवसभर आरशासमोर बसणारी मी, आम्हा दोघांनाही एवढं सुचलं नाही, कारण ती फार लहान होती, आणि लहान म्हणजे बघण्याची वस्तू, बघणारं माणूस नव्हे.

निळी सीट गाडीत नीट बसली. बाईने गुडघा रोवून पाया घट्ट केला, सीट हलवून पाहिली, मला हलवून पाहायला लावली. ‘‘हं, मग ताई? उलटीच ना?’’ खटक्यावर हात ठेवून तिने विचारलं. आता उलटी म्हणजे काय आणि सुलटी म्हणजे काय, मला समजेनासं झालं होतं. ‘‘पुढे करू या का?’’ मी म्हटलं. स्वतःलाच ऐकू आलं, किती पडेल आवाज होता. ‘‘तिलाही बाहेरचं बघायला मिळेल.’’ नवरा चकित झाला. ‘‘आत्ता तर मान कोवळी होती!’’ ‘‘कोवळी आहे, पण...’’ ‘‘पण काय? तासभर व्याख्यान दिलंस, मला पटलं, मॅडमना पटलं, त्या बाळगाडीवाल्यांनासुद्धा पटलं.’’ ‘‘उलटं,’’ मुंगी म्हणाली. ती त्याच्या कडेवर होती, ससोबा कानाने धरलेला. ‘‘मला उलटंच पाहिजे.’’ ‘‘का गं बाई? पुढे बसलं की सगळं दिसतं,’’ बाई म्हणाली. ‘‘नाही दिसत. पुढे बसलं की आईचं नुसतं डोकं दिसतं. उलटं बसलं की आरशात आई दिसते.’’ ‘‘अगं, आरशात तू आईला दिसतेस,’’ नवऱ्याने समजावलं. ‘‘आणि मला आई.’’ त्याने आरशाकडे पाहिलं, मग पुढच्या आरशाकडे, आणि कपाळावर हात मारला. ‘‘अरेच्चा! खरंच की. धंद्याला लाज आणली मी.’’ बाई खूश झाली होती. ‘‘आणि काय करते आई आरशात?’’ ‘‘मला गुपचूप बोलते.’’ ‘‘काय बोलते?’’ ‘‘ते गुपचूप आहे,’’ मुंगी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून तिने ओठ घट्ट मिटले, काही झालं तरी सांगणार नाही अशा तऱ्हेने. मी तिथेच, दुकानाच्या दारात, भर उन्हात, पुढे होऊन तिच्या लोंबत्या बुटाचा पट्टा लावायला लागले. तो लागलेलाच होता.

नवरा साइटवर गेला. जाताना गाडीच्या टपावर दोनदा थाप मारून म्हणाला, ‘‘जपून जा गं मुंगळ्यांनो.’’ मी मुंगीला नव्या सीटमध्ये बसवलं, पट्टे खांद्यावरून घेतले, दोन बोटं आत जात नाहीत ना बघितलं. तिचे पाय आता मोकळे पसरले होते. नव्या कापडाचा वास येत होता, त्यात बिस्किटांचा कुठेच नव्हता. ‘‘मुंगे,’’ मी तिच्या कानाशी म्हटलं, ‘‘मी आरशातून बोलते ते... तुला आवडतं?’’ तिने विचार केला. खरंच विचार केला, खालचा ओठ चिमटीत धरून. ‘‘ससोबाला आवडतं,’’ ती म्हणाली. एवढंच. मी दार लावलं. गाडीला वळसा घालून पुढे येईपर्यंत मला वाटत होतं की आपण हा आरसा काढूनच टाकावा. एक स्क्रू आहे फक्त. आणि लगेच दिसली दाराशी चपला शोधणारी मुलगी, रोज, दप्तर पाठीवर तसंच ठेवून.

रस्त्याला लागलो. पहिल्या वळणापर्यंत मी समोरच बघत होते, उगाच, वाहनं फारशी नव्हती तरी. चेहऱ्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. हसू घातलं तर तेही आता तिला दिसणार, गालातलं खोटं आणि टाळूतलं खोटं, दोन्ही. ‘‘आई, आज गाणं नाही?’’ मागून आवाज आला. टाळू आपोआप वर गेली. मी ती खाली आणली. ‘‘नाही गं,’’ मी म्हटलं, माझ्याच आवाजात, जो जरा घोगरा आहे आणि मला विशेष ओळखीचा नाही. ‘‘आज दमलेय मी.’’ मग सिग्नल लागला, गाडी थांबली, आणि मी वर पाहिलं. रुंद आरशात गोल आरसा, गोल आरशात ती, तळहाताएवढी. तिचे डोळे मिटलेले होते. झोपली, असं मी म्हणणारच होते, रोजच्यासारखं, की मला तिच्या पापण्या दिसल्या. त्या थरथरत होत्या. झोपलेल्या मुलाच्या पापण्या अशा आवळलेल्या नसतात. एखादी बाई कपडे बदलत असली की आपण दारात पाठ करून उभं राहतो ना, तशा आवळल्या होत्या.

किती सकाळी. किती संध्याकाळी मी ‘डुलकी लागली’ म्हणून मोकळी झाले होते, आणि मागे हे एवढंसं माणूस डोळे मिटून बसलं होतं, मला एकटीला राहू द्यावं म्हणून. मी तिच्यापासून लपत नव्हते. ती मला लपवत होती.

‘‘मुंगे,’’ मी म्हटलं, ‘‘जागी आहेस?’’

पापण्या आणखी घट्ट.

‘‘उघड गं डोळे. चालतं.’’ मी हसले नाही. रडूही आवरलं नाही, जे होतं ते तसंच राहू दिलं, आठीसकट. ‘‘आईच आहे. दमलेली आहे, पण आईच आहे. बघ.’’

सिग्नल अजून तांबडाच होता. आरशाच्या आत, आरशाच्या आत, तिने आधी एक डोळा उघडला.